रापवणारे तेल आणि उन्हाचा पडदा

पुस्तकाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे. परंतु बाटलीवर चिकटविलेल्या चिठ्ठीचेही परीक्षण करावे, हे काही वाचकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. तथापि आजकाल जे लेखन अधिकांत अधिक लोक विकत घेतात आणि कमीत कमी लोक वाचतात ते या चिठ्ठ्यांवरचेच होय. गोव्याच्या किनाऱ्यावरील दुकानांत पुष्कळदा एकाच फळीवर दोन बाटल्या शेजारी उभ्या दिसतात. एकीत त्वचा रापवणारे तेल, ज्यास टॅनिंग ऑइल म्हणतात, दुसरीत सनस्क्रीन. दोहोंवर सूर्याचे चित्र, दोहोंवर माडाची झावळी, आणि झाकण उघडले की दोहोंतून खोबऱ्याचा दरवळ. गिऱ्हाईक त्यांस सख्ख्या बहिणी समजले तर त्यात त्याचा दोष कोणता?

जन्मतः त्या होत्याही बहिणी. फ्रान्समध्ये यूजीन श्यूलर या रसायनज्ञाच्या कंपनीने १९३५ च्या सुमारास जे तेल काढले, त्यात बेंझिल सॅलिसिलेट हे किरण शोषणारे द्रव्य होते; परंतु ते विकले गेले ते अंग न भाजता तांबूस व्हावे म्हणून. अमेरिकेत मायामीच्या बेंजामिन ग्रीन या औषधविक्रेत्याने युद्धकाळात सैनिकांसाठी लाल पेट्रोलॅटम वापरले आणि त्यातूनच १९४४ मध्ये उन्हात रापण्याचे क्रीम निघाले. फ्रान्झ ग्रायटर याने १९४६ मध्ये बर्फाळ पर्वतांवरील उन्हासाठी क्रीम बनविले आणि १९७४ मध्ये एसपीएफ हा आकडा पुढे आणला. तेव्हापासून संरक्षणास माप मिळाले, आणि दोन बाटल्यांमधील अंतर निदान कागदावर तरी मोजता येऊ लागले.

ते अंतर बाटलीच्या दर्शनी बाजूस नसते, पाठीमागच्या बारीक अक्षरांत असते. रापवणाऱ्या तेलाची यादी वाचावी: खनिज तेल, खोबरेल, कोकोचे लोणी, गाजराचा किंवा अक्रोडाचा अर्क, सुगंध. ही यादी वाचताना पाकशाळेत शिरल्यासारखे वाटते. सारे ओळखीचे, सारे सात्त्विक. परंतु यांपैकी एकही द्रव्य अतिनील किरणांस पुरेसे अडवीत नाही. उलट कोरड्या त्वचेचा वरचा थर थोडा प्रकाश विखरून टाकतो. तेलाने तो थर गुळगुळीत व पारदर्शक झाला म्हणजे तेवढा प्रकाशही आत शिरतो. म्हणजे हे तेल तटस्थ साक्षीदार नव्हे, ते उन्हाच्या पक्षाचे आहे.

सनस्क्रीनच्या यादीत मात्र काही नावे कामाला लावलेली असतात. झिंक ऑक्साइड हे त्यांतील जुने. आपल्या वैद्यांच्या यशदभस्माचे हे निकटचे नातलग. ते आरशाप्रमाणे किरण परतवते अशी समजूत आहे. वस्तुतः ते आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोन्ही बहुतांशी किरण शोषूनच घेतात. दुसरा वर्ग कार्बनी द्रव्यांचा. येथे परीक्षकाने एकेक नाव सुटे वाचून चालत नाही, संगती पाहावी लागते. अव्होबेन्झोन खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांस अडवते, परंतु स्वतःच उन्हात विघटित होते. ऑक्टोक्रिलीन सोबत असले तर ते टिकते, आणि ऑक्टिनॉक्सेट सोबत असले तर अधिकच लवकर ढासळते. एकच पात्र एका नाटकात तरते आणि दुसऱ्यात बुडते, तसाच हा प्रकार.

एसपीएफच्या आकड्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. पंधराचे माप असलेले सनस्क्रीन भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, तिसाचे ९७ आणि पन्नासाचे ९८. तीस आणि पन्नास यांमधील भेद आकड्यास शोभतो तेवढा मोठा नाही. शिवाय ही परीक्षा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन होते, आणि माणसे बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात. यूव्हीएविषयी हा आकडा मुळी बोलतच नाही. त्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द शोधावे लागतात.

रापवणाऱ्या तेलांच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्याकडील वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल. बावचीचे बी आयुर्वेदात कोडावर फार पूर्वीपासून वापरतात. बावची घेऊन ऊन घ्यावयाचे, ही त्यातील रीत. तिच्यातील सोरालेन द्रव्ये त्वचेस उन्हाविषयी हळवी करतात. हेच काम बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलातील बर्गॅप्टेन करते, आणि युरोपात ते मुद्दाम रापवणाऱ्या तेलांत घातले जात असे. आपल्या वैद्यांनी जे रोग्यास मोजून दिले, ते तेथे निरोगी माणसाने सुटीच्या दिवशी सर्वांगास फासले! कर्करोगाच्या भयाने युरोपीय समूहाने १९९५ मध्ये असल्या द्रव्यांचे प्रमाण किलोस एक मिलिग्रॅमच्या आत आणले. लक्षात घ्यावे की बर्गॅप्टेनही पूर्णपणे ‘नैसर्गिक’च होते.

आता खोबरेलाविषयी, कारण आपली खरी फसगत येथेच होते. माडाचे चित्र पाहून आपल्या मनात आजीचा हात येतो, अभ्यंग येते. परंतु नरकचतुर्दशीचे अभ्यंग सूर्योदयापूर्वी होते आणि उटण्याने ते तेल काढूनही टाकतात. तान्ह्या मुलास तेल चोळून उन्हात धरतात ते कोवळ्या उन्हात, तेही थोडा वेळ. तेलाने निथळते अंग घेऊन दुपारी बारा वाजता वाळूत तासचे तास पडून राहावे, असे कोणत्याही आजीने सांगितलेले नाही. म्हणून खोबरेलाची पुण्याई या तेलाच्या नावे जमा धरणे हा शुद्ध हिशोबी घोटाळा आहे.

सनस्क्रीनची बाजू निर्दोष आहे असे मात्र म्हणवत नाही. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट यांमुळे प्रवाळास अपाय होतो या भीतीने हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा केला व तो २०२१ पासून अमलात आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या आपल्या प्रस्तावात जस्त व टायटॅनियम यांची दोनच ऑक्साइडे निःशंकपणे सुरक्षित ठरविली. बारा द्रव्यांविषयी अधिक पुरावा मागितला. परंतु फायद्याचा पुरावाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात १६२१ प्रौढांवर प्रयोग झाला. जे नित्यनेमाने सनस्क्रीन लावीत त्यांच्यात त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. रापवणाऱ्या तेलाच्या बाजूने असा कागद कोणी दाखवील काय?

हे प्रयोग गोऱ्या त्वचेवरचे आहेत, हेही खरे. आपल्या सावळ्या वर्णास निसर्गाने काही कवच दिलेले आहे आणि त्वचेचा कर्करोग आपल्यांत विरळा. आपल्याकडील स्त्रियांची तक्रार असते ती वांगाची, आणि वांग दृश्य प्रकाशानेही वाढतो. त्यास अडविणारे द्रव्य कोणते, तर लोहाचे ऑक्साइड. म्हणजे आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रांना जो तांबडेपणा आहे, त्याच्याच कुळातले. रंग मिसळलेल्या सनस्क्रीनमध्ये ते असते, आणि झिंकचा पांढुरका लेप त्यायोगे सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसत नाही. ‘आयर्न ऑक्साइड्स’ हे दोन शब्द आपल्या वाचकाने यादीत अवश्य शोधावेत.

परंतु आपल्या बाजारात या गुणाची जाहिरात क्वचितच होते. विकला जातो तो गोरेपणा. १९७५ पासून येथे खपणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढला, तरी दुकानदाराच्या तोंडची भाषा फारशी पालटलेली दिसत नाही. किरण शोषणारी द्रव्ये तीच. युरोपात ती तांबूस होण्यासाठी विकली गेली, येथे उजळण्यासाठी.

अमेरिकेत ज्या रापवणाऱ्या द्रव्यात सनस्क्रीन नाही, त्यावर ते उन्हाने भाजण्यापासून वाचवीत नाही असा स्पष्ट इशारा छापणे बंधनकारक आहे. आपल्या किनाऱ्यावरील तेलांच्या बाटल्यांवर असे वाक्य देवनागरीत छापलेले प्रस्तुत लेखकास अद्याप आढळलेले नाही.