‘आदर्श द्रव’ : एका नांवाची परीक्षा

शास्त्रज्ञांनीं ठेवलेल्या नांवावर टीका करण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला कोणीं दिला, असें कोणी विचारील. नांव अखेर भाषेंतच वावरतें, एवढेंच आमचें उत्तर.

अमेरिकेंतील ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेंत सोन्याचीं अणुकेंद्रें जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें एकमेकांवर आदळविण्यांत आलीं. त्या टकरींत प्रोटॉन व न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचा रस होतो. उष्णतामान सुमारें चार लक्ष कोटि अंश. हा रस वायूसारखा वागेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. २००५ सालीं जाहीर झालें तें उलट : तो द्रव आहे, आणि तोहि ‘आदर्श’! पुरावा मोठा मार्मिक आहे. दोन केंद्रें किंचित् बाजूनें आदळलीं, तर त्यांचा सामाईक भाग बदामाच्या आकाराचा होतो. बदामाच्या आखूड बाजूकडे दाबाचा उतार तीव्र, म्हणून तिकडे कण अधिक निघतात. चिकटपणा फार असता तर ही विषमता पुसली गेली असती. ती शाबूत राहिली.

येथपर्यंत वाद नाहीं. पण हा द्रव ‘पाण्याहून पातळ’ असें कोणी लिहिलें, कीं आमचें मन अडखळतें. (पातळ हा शब्द आमच्या घरांत लुगड्यालाहि लागतो, तो घोटाळा निराळाच.) नुसता चिकटपणा पाहिला तर या रसाचा चिकटपणा पाण्याच्या लक्षावधि कोटि पट भरतो, त्यापुढें डांबरसुद्धां पाणी! लहान आहे तें गुणोत्तर : चिकटपणा भागिले एंट्रॉपीची घनता. त्याची जी खालची मर्यादा कोव्हतुन, सॉन व स्टारिनेट्स यांनीं २००५ मध्येंच सुचविली, तिच्या अगदीं जवळ हा रस येतो.

खरा आक्षेप पुढेंच आहे. ‘आदर्श वायु’ म्हणजे ज्याचे कण एकमेकांची दखलहि घेत नाहींत तो. ‘आदर्श द्रवा’ची गोष्ट नेमकी उलटी. मॅक्सवेलनें १८६० मध्यें दाखविलें, कीं वायूचा चिकटपणा कणांच्या मोकळ्या धांवेंतून येतो. धांव जितकी लांब तितका तो जास्त. या रसांत कणाला मोकळी धांव जवळजवळ नाहींच, इतकी परस्परांची ओढ जबर. म्हणूनच तें गुणोत्तर इतकें खालीं येतें. एकच विशेषण एकदां संपूर्ण अलिप्ततेला आणि एकदां पराकाष्ठेच्या गुंतवणुकीला! सामान्य वाचकानें यांतून काय बोध घ्यावा?

शिवाय हा आंकडा कोणीं नळींतून रस ओतून मोजलेला नाहीं. थेंब डोळा लवण्याच्या कोट्यंशाहूनहि अल्पकाळ टिकतो. चिकटपणा गणितानें अनुमानावा लागतो, आणि आरंभींच्या बदामाचा आकार कसा मानला यावर उत्तर हलतें. जिनीव्हाजवळ २०१० पासून झालेल्या शिशाच्या टकरींनीं द्रवत्वाची साक्ष पक्की केली, तरी ही अडचण उरलीच. आम्हांस विचाराल तर ‘घट्ट गुंतलेला रस’ असें एखादें रांगडें नांवच बरें होतें.