नवताल, नऊ डोकी आणि नऊवारी : फॅशन-रेखाटनातील मानवाकृतीचा विचार

फॅशन-रेखाटनाच्या अध्यापनात ‘क्रोकी’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. पोशाखाची कल्पना मांडण्यासाठी आधीच काढून ठेवलेली शैलीकृत मानवाकृती म्हणजे क्रोकी होय. प्रत्यक्ष मनुष्याची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. क्रोकीत ती नऊ, प्रसंगी दहा पट धरतात आणि ही वाढीव लांबी बहुतांशी कमरेखाली, पायांत घालतात. या प्रमाणाला ‘नवताल’ म्हणून भारतीय परंपरेशी जोडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात या समीकरणाची तपासणी करावयाची आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पाच पुरुषप्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी हंसाची उंची १०८ अंगुले आहे. १२ अंगुलांचा एक ताल, म्हणून नऊ ताल. परंतु ताल हे मुखाचे माप आहे. माथा त्यात येत नाही. माथ्यासह डोके मोजल्यास हा नवताल पुरुष आठ डोक्यांच्याही आतच राहतो. म्हणजे तो जवळजवळ आपल्यासारखाच आहे. क्रोकीचे कुळ शिल्पशास्त्रात शोधणे त्यामुळे व्यर्थ ठरते.

ते कुळ पॅरिसचे आहे. १९०८ साली पॉल इरिब याने पॉल प्वारे या पोशाखकाराच्या वस्त्रांचा चित्रसंग्रह सिद्ध केला. प्वारेने कमरेची रेषा वर उचलली, कॉर्सेट सोडून दिला आणि वस्त्र सरळ खाली पडू दिले. असे लोंबते वस्त्र दाखवावयाचे तर उंच, सडसडीत देह सोयीचाच. येथे अतिशयोक्ती वस्त्राच्या रचनेतून आली होती, आणि म्हणूनच ती पटते.

नऊवारी लुगडे मात्र लोंबत नाही. सुमारे सव्वाआठ मीटरचे हे वस्त्र देहाला गुंडाळले जाते, दोन्ही पायांमधून मागे जाऊन काष्ट्याने कमरेशी खोचले जाते. नसरापूरच्या बाणेश्वराला दर्शनास येणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे पाहावे. पायरी चढताना काष्टा ताणला जातो, पोटरीवरच्या चुण्या फिरतात, आणि वस्त्राची सारी शोभा त्या ताणातच असते. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे म्हणजे तर कामाचाच पोशाख. हेच वस्त्र विद्यार्थी नऊ डोक्यांच्या क्रोकीवर चढवतात तेव्हा पोटऱ्या बांबूसारख्या लांबतात, काष्टा दिसेनासा होतो आणि उरते ती विजारीसारखी काहीतरी वस्तू. दोष विद्यार्थ्याच्या हाताचा नसून त्याला दिलेल्या साच्याचा आहे.

याउलट महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची स्त्रीचित्रे पाहावीत. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी काढलेली रंगीत चित्रे १९२० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. या ग्रंथाची दृष्टी वसाहतकालीन आहे. स्त्रियांना जातीजमातींचे नमुने म्हणून मांडण्याची तिची रीत आज खटकते, आणि चेहरे गोड करण्याचा मोह धुरंधरांनाही सुटलेला नाही. तथापि वस्त्राच्या बाबतीत त्यांची नजर चुकत नाही. देहाचा भार कोणत्या पायावर आहे, पदर कोठून वळतो, चुण्या कोठे दाटतात आणि कोठे सुटतात हे त्यांना पक्के ठाऊक आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील वास्तववादी शिक्षण येथे कामी आले, हे उघड आहे.

मग धुरंधरांचे अनुकरण करावे काय? तेही नव्हे, फॅशन-रेखाटन म्हणजे व्यक्तिचित्र नाही, त्याला शैलीकरण हवेच. प्रश्न एवढाच की लांबी कोठे द्यावी. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी मान, डोळे, बोटे यांची रेषा लांबवून स्त्रीला डौल दिला. नऊवारीसाठी हा मार्ग अधिक योग्य वाटतो. मान आणि बाहू लांबवावेत, पदराची रेषा ओढून घ्यावी. गुडघ्याखालची लांबी मात्र प्रत्यक्षाजवळ ठेवावी, कारण काष्ट्याचा ताण तेथेच वाचता येतो. त्यासाठी क्रोकीआधी नऊवारी नेसलेल्या व्यक्तीवरून, निदान चालताना, बसताना आणि वाकताना अशी तीन रेखाटने करून घ्यावी लागतील. अभ्यासक्रमात त्यासाठी तासिका मिळणे कठीण आहे, हे मान्य. पण तयार आकृती गिरवण्यात जाणाऱ्या तासिकांतूनच ती काढता येईल.