न्या. मुधोळकर आणि एक लग्नपत्रिका

न्यायाधीशांची चरित्रे पदांच्या शिडीने लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकरांची शिडी या दृष्टीने देखणीच म्हणावी लागेल. वडील अमरावतीचे वकील, १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष. स्वतः नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईत, १९६० ते १९६६ सर्वोच्च न्यायालयात. पण पांढरकवड्याच्या कोर्टाच्या ओट्यावर तारखेसाठी बसलेल्या आमच्या माणसाला या शिडीशी काय कर्तव्य? त्याचे अपील नागपूरला जाते. निकाल काय लागला, एवढेच तो विचारतो.

म्हणून त्यांचा एक निकाल येथे पाहू. पंजाबराव विरुद्ध मेश्राम, १९६४. डॉ. मेश्राम १९६२ साली राखीव जागेवर विधानसभेत निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, सबब ती जागा त्यांची नव्हे, असा विरोधकांचा दावा. उच्च न्यायालयात मेश्राम जिंकले. सर्वोच्च न्यायालयात हरले. निकाल मुधोळकरांनी लिहिला. धर्म 'मानणे' म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा त्यांनी अर्थ लावला. पुरावा काय? सभेतील घोषणा, आणि बुद्धाचे चित्र असलेली लग्नपत्रिका! ज्या पत्रिकेचा आम्हाला अभिमान, तीच विरोधात साक्षीला उभी राहिली.

न्यायमूर्तींवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातच धर्माची अट होती आणि तिच्यात बौद्ध नव्हते. तरीही खटकते ते हे, की निकालाचा सारा भर धर्मांतर सिद्ध झाले की नाही यावर आहे. धर्म बदलल्यावर गावाने त्या माणसाला वागवणे बदलले काय, हा प्रश्न केंद्रस्थानी येत नाही.

हा प्रश्न नागपूरच्याच दुसऱ्या न्यायाधीशाने दहा वर्षे आधी विचारला होता. नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस यांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या निवडणूक खटल्यात गंगाराम थावरे यांचे प्रकरण पाहिले. महार जन्माचे थावरे महानुभाव झाले होते. बोस यांनी पाहिले ते असे : जुनी जात त्याला आपला मानते काय, त्याचा स्वतःचा हेतू काय, नव्या पंथाचा नियम काय? आणि ते महारच राहिले, असा निर्णय दिला. (त्याच वर्षी भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तीत बाबासाहेब उभे राहिले आणि पडले.) महानुभाव हा हिंदूंतलाच पंथ, बौद्ध वेगळे, हे उत्तर कायद्याच्या चौकटीत बसते. पण बोस माणसाभोवतीचा समाज तपासतात, मुधोळकर माणसाची घोषणा.

त्याच १९६४ साली सज्जनसिंग खटल्यात, संविधानाचा गाभा संसदेला बदलता येईल काय, अशी शंका मुधोळकरांनीच उपस्थित केली. १९७३ च्या केशवानंद निकालानंतर तिचे मोल कायदेपंडितांना अधिकच कळले. एवढ्या दूरचे पाहणारी नजर लग्नपत्रिकेपाशी अडखळली.

बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश १९९० साली झाला. मेश्रामांच्या जागेचा निकाल लागून तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.