'रॅट पार्क' : गोष्ट ऐकली, पण पेपर वाचला का?

गेल्या वर्षी डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली. डावीकडे पिंजऱ्यातला एकटा उंदीर, उजवीकडे हुंदडणारे उंदीर, खाली ओळ : 'व्यसनाची मुळं बालपणात'. एका सरांनी विचारलं, "हे उंदीर पार्कात लहानपणापासून होते, की नंतर नेऊन ठेवले?" मी गप्प. मी व्हिडिओ पाहिला होता, पेपर वाचला नव्हता. बाहेर आल्यावर एका ज्युनियरने हळूच विचारलं, "ताई, आमच्या घरी दारूने सगळं गेलं. म्हणजे माझंही ठरलेलंच का?" हा प्रश्न जास्त लागला. म्हणून आज तोच पेपर नीट उघडू या.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी उंदरांसाठी प्रशस्त वसाहत बांधली. नर-माद्या एकत्र, खेळायला जागा. दुसरीकडे एका पिंजऱ्यात एकच उंदीर. दोघांपुढे साधं पाणी आणि मॉर्फिनचं गोड पाणी. (मॉर्फिन कडू असतं, म्हणून साखर.) एकटे उंदीर मॉर्फिन जास्त प्यायले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र १९८१ च्या पेपरात आहे. इथे पिल्लांना आईचं दूध सुटल्यावर दोन गटांत वाढवलं : काही एकटी, काही वसाहतीत. ६५ व्या दिवशी प्रत्येक गटातल्या निम्म्यांची जागा बदलली. ८० व्या दिवसापासून चाचणी. म्हणजे 'लहानपण' आणि 'आत्ताची परिस्थिती' वेगवेगळी मोजता आली. ही या प्रयोगाची खरी ताकद.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कंट्रोल. चार तीव्रतांच्या मॉर्फिनसोबत मॉर्फिन नसलेली तीन गोड किंवा कडू-गोड द्रावणंही दिली. वसाहतीतले उंदीर ही द्रावणं काही कमी प्यायले नाहीत, मॉर्फिनच कमी प्यायले. त्यामुळे 'त्यांना चवच आवडली नसेल' ही शंका बरीचशी मिटते.

आता निकाल. चाचणीच्या वेळी उंदीर कुठे राहतो, याचा परिणाम स्पष्ट दिसला. लहानपणी एकटे वाढून नंतर वसाहतीत आलेले उंदीर थोडं जास्त पिण्याकडे झुकले, पण हा फरक फक्त सर्वांत कमी तीव्रतेला सिग्निफिकंट ठरला. म्हणजे माझ्या स्लाइडवरची ओळ या पेपरातून निघतच नाही!

पण लगेच उलट टोकाला जाऊन 'बालपणाचा संबंध नाही' असंही लिहू नका. फरक सिग्निफिकंट नसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. शिवाय एकटेपणा सुरू झाला तो दूध सुटल्यानंतर. त्याआधीचा, आईजवळचा काळ या प्रयोगात तपासलेलाच नाही.

माझा मोठा आक्षेप अर्थ लावण्यावर आहे. आपण म्हणतो, एकट्याला ताण आला म्हणून तो जास्त प्यायला. लेखकांचं गृहीतक वेगळं होतं : मॉर्फिनमुळे उंदरांच्या नैसर्गिक वागण्यात अडथळा येतो, म्हणून वसाहतीतले ते टाळतात. आकडे तेच, स्पष्टीकरणं दोन. आणि जास्त पिणं म्हणजे व्यसन लागणं असंही नाही. त्यातच १९९६ मध्ये पेट्रीने हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. उंदरांच्या वंशात झालेला बदल हे त्याचं एक संभाव्य कारण मांडलं गेलं.

मग माणसांचं काय? अमेरिकेत सॅन दिएगोमधल्या ८,६१३ प्रौढांवरचा डुबे आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास बघा. बालपणी पाच किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव (मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन वगैरे) सांगणाऱ्यांमध्ये बेकायदा अमली पदार्थांच्या समस्या सांगण्याची शक्यता ७ ते १० पट होती. संबंध मोठाच आहे. पण हे अनुभव मोठेपणी आठवून सांगितलेले, आणि 'पट' ही तुलना आहे. दहा पट म्हणजे दहातले दहा नव्हेत. गटाची जोखीम एका मुलीचं भविष्य सांगत नाही.

पीएचडीच्या मुलाखतीला किंवा जर्नल क्लबला जाताना प्रत्येक पेपरला हे तीन प्रश्न विचारा : ताण नेमका कधी दिला? तुलना कोणाशी केली? आणि मोजलं काय : पिणं, की व्यसन?

त्या ज्युनियरला मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलले. मागच्या आठवड्यात तिला १९८१ चा पेपर दिला आणि सांगितलं, "ठरलेलं नाही. जोखीम आहे, ती माहीत असलेली बरी. आणि आत्ता आपण कुठे, कोणासोबत राहतो यानेही फरक पडू शकतो." तिने पेपर वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, पण हे तर उंदीर आहेत ना?"

बरोबर प्रश्न. स्लाइड मी बदलली आहे.