लेखणी अडते तो प्रसंग

दलित कथेची चर्चा करताना आशय, विद्रोह, बांधिलकी, भाषा यांविषयी आपण पुष्कळ बोललो. कथेतला कोणता प्रसंग लिहिताना लेखकाचा हात भरधाव सुटतो आणि कोणत्या प्रसंगापाशी तो अडखळतो, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. हा लेखकाच्या लहरीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. मला तो सामाजिक प्रश्न वाटतो. लेखकाला काय लिहायला आवडते आणि कशाची धास्ती वाटते, हे तो कोणाच्या नजरेसमोर लिहितो यावर बरेचसे ठरते.

अन्यायाचा प्रसंग घ्या. पाणवठ्यावरचा मज्जाव, चावडीपुढची मारहाण हे लिहिणे एकेकाळी जोखमीचे होते. प्रस्थापित कथेने त्याकडे पाठ फिरवली होती आणि लिहिणाऱ्याला आपली जखम स्वतःच उघडी करावी लागत होती. आज तो प्रसंग हाताशी तयार असतो. त्यात दुष्ट कोण हे पहिल्या ओळीतच कळते, लेखकाची बाजू आधीच न्यायाची असते आणि पांढरपेशा वाचक हळहळून मोकळा होतो.

मी जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वार्षिकांकासाठी मुले कथा आणून देतात. त्यांतल्या पुष्कळ कथांत तराळकी असते, मेलेले ढोर ओढणे असते. लिहिणारी मुले या शतकात जन्मलेली आहेत. त्यांची आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते. कोणाचा बाप मुकादमाची उचल घेऊन मंठा-घनसावंगीकडून ऊसतोडीला जातो, कोणाचा भाऊ जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडापुढे उभा असतो. यातले कथेत काही येत नाही. मुलांजवळ अनुभव नाही म्हणून असे होत नाही. दलित कथेत कोणता प्रसंग शोभतो, हे त्यांना आमच्याच अभ्यासक्रमाने पाठ करून दिले आहे.

ज्यांच्या नावाने हा अभ्यासक्रम उभा आहे, त्यांनी मात्र सोपा प्रसंग क्वचितच पत्करला. अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पाहा. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा प्रेते उकरून त्यांच्या अंगावरचे सोने शोधतो. कोल्ह्यांशी त्याची झुंज चालते तेव्हा अण्णाभाऊंची लेखणी रंगात आलेली दिसते. पोवाडे रचणाऱ्या माणसाला झुंज लिहिणे आवडणारच. कथा त्या पराक्रमावर संपली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. अण्णाभाऊ पुढे जातात. प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात, ती कापून टाकावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आपला नायक इतका लाचार दाखवणे कोणत्याही लेखकाला जड जाते. पण भुकेने या माणसाला कुठवर नेले ते झुंजीतून कळत नाही, त्या बोटांवरून कळते.

बाबूराव बागुलांचे १९६३ चे 'जेव्हा मी जात चोरली होती' आपण वारंवार वाचतो. शीर्षककथेतली मारहाण सर्वांच्या लक्षात राहते. मला अधिक अवघड वाटतो तो मारहाणीच्या आधीचा भाग. जात लपवल्यामुळे मिळणारा मान, तो हवासा वाटणे, आणि जात न लपवणाऱ्या काशिनाथसमोर निवेदकाचे आतून लहान होणे. इथे शत्रू केवळ बाहेर नाही. बागुलांची 'आई' ही कथा याहूनही पुढची आहे. शाळेत आईच्या थोरवीची कविता चालू आहे आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात स्वतःच्या विधवा आईविषयी संशय आहे. वस्ती तिच्यावर टपलेली आहे, मुकादम जवळच आहे. आईला देह आहे, तिलाही सुख हवे आहे, हे मुलाच्या नजरेतून लिहायचे म्हणजे लेखणी निखाऱ्यावर धरायची. बागुलांनी ती धरली आणि आईला आरोपी केले नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्या घरातले असे प्रसंग लिहिले की विरोधकाच्या हाती कोलीत मिळते. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्यांना ते उघडेपण सोसले नव्हते. माझे उत्तर असे की, प्रसंगामागचे कारण दिसते की नाही, हे पाहावे. 'आई'मधली उपासमार, वैधव्य आणि मुकादमाची सत्ता कथेतून काढून टाका, मग उरेल ती कुचाळकी. ती कारणे जागेवर असतील तर विरोधकाला त्या कथेचा उपयोग नाही.

पण धाडसाची मागणी बाहेरून करणाऱ्याने किंमत कोण मोजतो हेही पाहिले पाहिजे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' घरच्यांपासून लपवून लिहिले आणि वर्षानुवर्षे दडवून ठेवले. ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. नवऱ्याचा संशय आणि मार त्यांनी स्वतः सोसला होता. तो प्रसंग पुस्तकात आपल्या नावाने आला नाही. २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत छापलेल्या मुलाखतीत त्या त्याविषयी बोलल्या. ज्या घरात राहायचे त्याच घराविषयी लिहायचे, हा पेच पुरुष लेखकाला त्या प्रमाणात पडत नाही. ती गाळलेली जागा हाही समीक्षेने वाचण्याचा मजकूर आहे. उर्मिला पवारांच्या 'कवच'मध्ये आंबे विकणाऱ्या आईशी पुरुष द्व्यर्थी बोलतात आणि शरमेने पोळतो तो तिचा मुलगा. आईजवळ मात्र तिचे स्वतःचे कवच आहे. शरम कोणाची आणि बळ कोणाचे, हे या कथेने नीट वेगळे करून दाखवले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. जालना शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगण्याआधी जी क्षणभर गप्प राहते, त्या मुलीची कथा बागुलांच्या कथेची आजची भावंड आहे. मित्रांसमोर आईची बोली खटकणारा पदवीधर मुलगा, पगार सुरू झाल्यावर चुलत्याचा फोन न उचलणारा नोकरदार, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बायकोवर हात उचलणारा कार्यकर्ता, हे सारे आपल्या आसपास आहेत. आणि आनंदाचा प्रसंग तरी कुठे लिहिला जातो? कापूस वेचताना बायकांच्या पातीत पिकणारा हशा, चौदा एप्रिलला नवे लुगडे नेसलेली आजी, हे लिहायलाही हात कचरतो. दलित कथेकडून आसवांची अपेक्षा आहे, हे लेखकाला कळून चुकले आहे.

विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. पाठ झालेला प्रसंग हातावेगळा करून कथा पुरी झाली असे मानू नका. जिथे लेखणी थांबली तिथे का थांबली ते स्वतःला विचारा. मालकाचे भय असेल, घरातल्या बाईच्या सुरक्षिततेची काळजी असेल, तर थांबण्यात कमीपणा नाही. पण केवळ आपली प्रतिमा मळेल म्हणून थांबला असाल, तर तोच प्रसंग आधी लिहायला घ्या.