शंखाचे रूप आणि कुळाचे नाते : तळ्यातील गोगलगाईंच्या वर्गीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

देवास जिल्ह्यातील सतवास हा नर्मदा खोऱ्याच्या बाजूचा परिसर. पावसाळा सरल्यावर अशा भागातील तळी आणि डबकी पाहिली, की पाणवनस्पतींना चिकटलेल्या पातळ शंखाच्या गोगलगाई सहज हाती लागतात. मराठीत त्या साऱ्या ‘गोगलगाई’, उर्दूत साऱ्या ‘घोंघा’. शास्त्राला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. महाविद्यालयातील विद्यार्थी आजही ज्या ग्रंथाच्या आधारे त्यांची नावे लावतो, तो म्हणजे एन. व्ही. सुब्बा राव यांची गोड्या पाण्यातील भारतीय मृदुकाय प्राण्यांवरील हस्तपुस्तिका. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. या पुस्तिकेतील लिम्निइडी कुलाच्या मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

लिम्निया अॅक्युमिनाटा आणि लिम्निया ल्युटिओला या भारतात सर्वदूर आढळणाऱ्या दोन जाती. दोन्ही नावे लामार्कने १८२२ मध्ये दिली. पहिल्या नावाचा अर्थ ‘टोकदार’, दुसऱ्याचा ‘पिवळसर’. म्हणजे नामकरणाच्या आरंभीच डोळ्यांना दिसणारा शंख हाच पुरावा मानला गेला. पुढे शंखात थोडा फरक दिसला की नवे नाव, असा प्रघात पडला. प्रेस्टन यांनी १९१५ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरील ग्रंथमालेत ही नावे एकत्र केली. अॅनन्डेल आणि श्रीनिवास राव यांनी १९२५ मध्ये भारतीय लिम्निइडींची फेरतपासणी केली. १९५१ मध्ये स्वीडनच्या ह्यूबेंडिक यांनी जगभरातील हजाराहून अधिक नावे तपासून सुमारे ४० जातीच खऱ्या मानल्या. त्यांचा युक्तिवाद साधा होता : पाणी संथ की वाहते, अन्न किती, यांनुसार एकाच जातीचा शंख बदलतो. म्हणून त्यांनी प्राण्याच्या अंतर्गत रचनेवर, विशेषतः जननेंद्रियांवर, भर दिला.

पुस्तिकेचे गुण आणि उणीव

सुब्बा राव यांच्या पुस्तिकेचे मोल निर्विवाद आहे. प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयातही भिंग आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने ती वापरता येते. विखुरलेली माहिती तिने एका ठिकाणी आणली.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. पुस्तिकेत अॅक्युमिनाटा आणि ल्युटिओला या दोन्ही जाती लिम्नियाच्या स्युडोसक्सिनिया या उपवंशात ठेवल्या आहेत. हे नाव बेकर यांनी १९०८ मध्ये दिले ते कोल्युमेला या अमेरिकन गोगलगाईसाठी. पातळ शंख आणि रुंद मुख या साम्यामुळे भारतीय जाती तिच्या घरात गेल्या. वाचकाला वाटते, की सतवासच्या तळ्यातील गोगलगाय अमेरिकन गोगलगाईची सख्खी बहीण आहे. ओळख पटवण्याची सोय येथे वंशावळीचे रूप घेते, आणि वाचकाला त्याची सूचना मिळत नाही.

डीएनएच्या अभ्यासाने हे नाते टिकले नाही. २०१० मध्ये कोरेआ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या वंशवृक्षात या कुलाच्या तीन मोठ्या शाखा दिसतात : अमेरिकन, युरेशियन आणि हिंद-प्रशांत. कोल्युमेला अमेरिकन शाखेत आहे. भारतीय जातींचे गोत रॅडिक्स आणि तिच्या निकटवर्तीयांचे, म्हणजे जुन्या जगाचे आहे. २०१८ मध्ये अक्सेनोव्हा आणि सहकाऱ्यांनी या गटात किमान दहा वंश आणि जुन्या जगातील ३५ जाती मानल्या. ल्युटिओला आता रेसेसिना या वंशात धरली जाते, तर अॅक्युमिनाटा रॅडिक्समध्ये.

भाषेचा दृष्टान्त

भाषेच्या अध्यापकाला यात नवल वाटू नये. उर्दू आणि अरबी यांची लिपी एका घराण्यातली, म्हणून उर्दू ही अरबीची लेक ठरत नाही. व्याकरण तपासले, की उर्दू मराठीच्या भारतीय-आर्य कुळात येते. अरबीचे कूळ सेमिटिक. शंख ही गोगलगाईची लिपी आहे. ती वाचता आलीच पाहिजे, पण नाते ठरवायचे ते व्याकरणावरून.

प्रश्न केवळ नावाचा नाही

गुराखी आणि पशुवैद्य यांच्या दृष्टीने हा वाद कागदी नाही. गुरे-म्हशींच्या यकृताची हानी करणारा फॅसिओला जायगँटिका हा चपटा कृमी भारतात अॅक्युमिनाटा आणि तिच्या जवळच्या रॅडिक्स गोगलगाईंच्या शरीरात वाढतो. नाकात गाठी करून गुरांना घोरायला लावणारा शिस्टोसोमा नेझाले मुख्यतः इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या चपट्या वेटोळ्याच्या गोगलगाईत वाढतो. कृमी गोगलगाईचे नाते पाहून घर निवडतो, शंखाचे रूप पाहून नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये माणसातील शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव नोंदवला. तेथे संशय आला तो टोपीसारख्या शंखाच्या फेरिशिया टेन्युइस या गोगलगाईवर. वेटोळे नाही म्हणून अशा गोगलगाईंना पूर्वी स्वतंत्र कुल दिले जाई. आज त्या चपट्या वेटोळ्याच्या प्लॅनॉर्बिडी कुलातच धरल्या जातात.

निष्कर्ष

नव्या मांडणीलाही मर्यादा आहेत. ल्युटिओलाच्या गटासाठी २०१८ मध्ये आधी सेरासिना हे नाव वापरले गेले आणि त्याच वर्षी ते बदलून रेसेसिना करावे लागले. शिवाय वंशवृक्ष तपासलेल्या नमुन्यांइतकाच भक्कम असतो. जुने नाव फेकून दिले, तर शतकभराच्या नोंदींचा पत्ताच हरवेल. म्हणून अध्यापकाने सुब्बा राव यांची पुस्तिका ओळखीसाठी अवश्य वापरावी, मात्र तिच्यातील रचना वंशावळ म्हणून शिकवू नये. नोंदवहीत जुने आणि नवे अशी दोन्ही नावे लिहावीत. शंख कोरडा आणि प्राणी अल्कोहोलमध्ये, तळ्याचे नाव व तारीख यांसह जपावा. सतवाससारख्या ठिकाणी असे नीट जपलेले नमुने हीच पुढील संशोधनाची खरी पुंजी ठरेल.