शीलभंग कोणाचा?

शिमाझाकी तोसोन यांच्या १९०६ च्या जपानी कादंबरीचे नाव ‘हाकाई’, म्हणजे शीलभंग. शब्द बौद्ध परिभाषेतला. कादंबरीत मात्र मोडते ती पित्याची आज्ञा : आपण ‘एता’ कुळातले आहोत, हे कोणालाही सांगू नकोस. १८७१ च्या फर्मानाने हा बहिष्कृत वर्ग कायद्यापुरता मुक्त झाला होता, समाजात नव्हे. शिक्षक उशिमात्सू ज्या बौद्ध मंदिरात बिऱ्हाड करतो, तेथील विवाहित पुरोहित आपल्याच दत्तक कन्येवर वाईट नजर ठेवतो. खरा शीलभंग हा, आणि तोसोन यांना तो दिसलाही आहे. तरीही कुळ लपविल्याबद्दल विद्यार्थ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागतो तो उशिमात्सूच, आणि टेक्सासच्या वाटेला लागतो! अन्याय सोसणाऱ्याने क्षमा का मागावी, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. त्यांची सहानुभूती खरी आहे. ती दयेपाशी थांबते. वास्तविक आपले कुळ उघडपणे सांगणारा रेन्तारो याच कादंबरीत आहे. त्याचा खून होतो.

सोळा वर्षांनी, ३ मार्च १९२२ रोजी, क्योतो येथे बुराकू समाजाची सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे बुराकू वस्तीतील बौद्ध मंदिरातच जन्मले होते. ‘एता’ असल्याचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे, असे त्या जाहीरनाम्याने बजावले.